समोरच्या टीमवाल्याला विचारा : कॉलेजच्या सीझनबद्दल तुमची पत्रं

वावरात डवरणं-निंदणं चालू आहे, पाऊस कधी येतो कधी दडी मारतो, आणि पत्रपेटी मात्र या महिन्यात खेळांनीच भरली. मागच्या अंकात म्हटलं होतं की आता सीझन सुरू व्हायच्या आधीच्या अंदाजांवर बोलू, म्हणजे ज्याला सगळे प्रिव्ह्यू म्हणतात त्यावर, आणि त्यातही एका पद्धतीवर, की आपल्या टीमबद्दल आपल्याच माणसाला विचारत बसण्यापेक्षा समोरच्या टीमचा जो जाणकार आहे त्याला गाठून विचारायचं. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल आणि बास्केटबॉलचे नादी लोक सीझनच्या तोंडावर हेच करतात. पत्रं दोन्हीकडची आली, तिकडच्या खेळाची आणि आपल्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची पण. काही लांबलचक होती ती छाटली, राग मानू नका.

पोरगा कोलंबसले एम.एस. करून राहिला. शनिवारी फोन केला का उचलत नाही, मंग म्हणते मॅच होती. परतवाड्याचा त्याचा लहानपणचा दोस्त मिशिगनच्या कॉलेजात हाय, दोघं आता फोनवर एकमेकाच्या टीमची उणीदुणी काढतात. कॉलेजच्या पोट्ट्यांचा खेळ पाहाले लाख लोक येतात म्हणते, हे खरं हाय का? आन हा कोनता फुटबॉल हाय, आपल्या कामठीवाला तर दिसत नाही.
— एक वडील, वरुड

खरं आहे काकाजी, पोरगा फेकून नाही राहिला. त्याच्या कॉलेजचं, म्हणजे ओहायो स्टेटचं, ओहायो स्टेडियम १,०२,७८० लोकांचं आहे आणि दोस्ताच्या मिशिगनचं १,०७,६०१ लोकांचं, आणि मोठ्या मॅचला ते भरतं.

कामठीचा फुटबॉल पायाचा, हा बहुतेक हाताचा. चेंडू लांबुळका, तो हातात घेऊन पळायचं नाहीतर पुढं फेकायचा, समोरचे अंगावर येऊन पाडणार. अकरा विरुद्ध अकरा, मैदान १०० यार्डाचं आणि दोन्ही टोकांना १०-१० यार्डाचा पट्टा. चार संधीत १० यार्ड पुढं सरकायचं, सरकलात तर पुन्हा चार संधी, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याला. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की ६ पॉइंट, त्यावर लाथेचा एक, आणि तिथपर्यंत जमत नसेल तर लांबून खांबांच्या मधून चेंडू मारला तर ३. एवढं समजलं की बाकीचं पोरगा सांगेल. पहिली कॉलेज मॅच ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाली, रटगर्सने ६-४ ने जिंकली, तेव्हा मात्र तो खेळ पायाच्याच फुटबॉलच्या जवळचा होता.

आता लाख लोक काऊन येतात? तिकडं प्रोफेशनल टीम मोठ्या शहरांत आहेत, अलाबामा किंवा नेब्रास्का अशा राज्यात प्रोफेशनल फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगची (एनएफएल) एकही टीम नाही, मग त्या राज्याचं सगळं प्रेम कॉलेजवर. आजोबा त्याच कॉलेजात, बाप त्याच कॉलेजात, नातू पण तिथंच. ओहायो स्टेट आणि मिशिगन १८९७ पासून भिडून राहिले आहेत, मॅच नोव्हेंबरच्या शेवटी असते, आणि तुमच्या पोराचा आवाज त्या आठवड्यात चढला तर समजून घ्या. २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं मिशिगनने हरवलं होतं, २०२५ ला कुठं ओहायोने २७-९ ने वचपा काढला. म्हणजे परतवाडेकर चार वर्षं बोलला असेल आणि आता वरुडकराची पाळी आहे.

आम्ही दोघं मित्र कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी सीझन प्रिव्ह्यू लिहिणार आहोत, अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा पण आणि आपल्याकडच्या स्पर्धांचा पण. तुम्ही म्हणता समोरच्या टीमच्या जाणकाराला विचारा. पण तो तर आपल्या टीमला शिव्याच देणार ना? त्याला विचारायचं तरी काय?
— बी.कॉम.चा विद्यार्थी, दारव्हा

भाऊ, प्रश्न एकदम बरोबर जागी लागला. वरुड-मोर्शीकडं संत्र्याचा बगिचा झाडावरच विकतात तेव्हा मालक वर पाहतो, किती लदलं आहे ते दाखवतो, आणि व्यापारी खाली पाहतो, गळ किती झाली ते मोजतो. समोरच्या टीमचा माणूस हा तो व्यापारी. तुमची गळ त्याला दिसते कारण त्याला त्यातच रस आहे. पण व्यापारी भाव पाडायलाच आलेला असतो हे पण ध्यानात ठेवा, म्हणून तो जे बोलेल ते सगळं जसंच्या तसं छापायचं नाही.

पहिली गोष्ट, कोण जिंकेल हे विचारू नका. या प्रश्नाला जगात कोणीच खरं उत्तर देत नाही, आपल्या टीमचा माणूस तर नाहीच नाही. त्याऐवजी विचारा की आमच्याविरुद्ध तयारी करायला तुम्हाला एकच दिवस मिळाला तर आमच्यातल्या कोणाला आधी बांधाल. इथं तो खरं बोलतो, कारण यात त्याला त्याची हुशारी दाखवायला मिळते. मग लगेच उलटं विचारा, आमच्यातला कोण मैदानात असला तर तुम्हाला बरं वाटतं. हे उत्तर ऐकताना तुम्हाला राग येईल, तिथंच लिहून घ्या.

दुसरं, गेलेल्या माणसांबद्दल विचारा. मागच्या वर्षीचे किती राहिले, किती गेले, आणि गेलेल्याच्या जागी कोण. फुटबॉलमध्ये सगळे क्वार्टरबॅकबद्दल बोलतात, म्हणजे चेंडू फेकणारा, त्याचेच फोटो, पण त्याच्या पुढं जे पाच दांडगे उभे राहून समोरच्यांना अडवतात त्यांची नावं कोणाला येत नाहीत. ते पाच जुने असले आणि एकत्र खेळलेले असले तर मधम क्वार्टरबॅक पण चांगला दिसतो, आणि ते नवे असले तर चांगला पण जमिनीवर पडून राहतो. समोरचा जाणकार जर याच पाचांबद्दल बोलायला लागला तर समजा माणूस कामाचा आहे, आणि नुसता पोरांच्या फोटोंवर आणि कोचच्या पगारावर बोलला तर चहा पाजा आणि दुसरा माणूस शोधा.

तिसरं, त्याच्याच टीमबद्दल विचारा. तुमची कोणती जागा कच्ची आहे असं सरळ विचारलं तर कोणी सांगत नाही. विचारा की तुमचा कोणता खेळाडू दुखावला तर सीझन संपला. तो जे नाव घेईल त्याच्यामागं बदली कोणी नाही हे त्यानेच सांगून टाकलं.

आता याचा फायदा कसा होतो ते एका मॅचवरून सांगतो. ३० नोव्हेंबर २०२४, कोलंबस, ओहायो स्टेट घरच्या मैदानावर आणि समोर मिशिगन, ज्यांचं त्या वर्षी तोवर ६ विजय ५ पराभव असं रडतखडत चाललं होतं. जवळजवळ २० पॉइंटांनी ओहायो जिंकेल असा सट्टेवाल्यांचा अंदाज होता. टीमा समोरासमोर मांडल्या तर तो चुकीचा पण नव्हता. पण त्या वेळी मिशिगनच्या शहाण्या माणसाला नीट विचारलं असतं तर तो आम्ही जिंकू असं म्हणालाच नसता, तो म्हणाला असता आम्हाला चेंडू फेकता येत नाही, पण आमच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन पहाड उभे आहेत, तिथून तुम्हाला जाता येणार नाही. आणि ओहायोवाले दिवसभर काय करत राहिले, तर त्याच मधल्या जागेतून चेंडू घेऊन धडका मारत राहिले, बाजूला जगातले भारी पळणारे पोट्टे उभे असताना. वर त्यांच्या क्वार्टरबॅकचे दोन चेंडू मिशिगनने पकडले. १३-१० ने मिशिगन जिंकली. ते दोन पहाड पुढं प्रोफेशनल लीगच्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात त्यात, पहिल्याच फेरीत उचलले गेले.

आणि याच्या पुढचं ऐका. हीच हरलेली ओहायो स्टेट नंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, टेनेसी, ओरेगॉन, टेक्सस यांना हरवत गेली आणि २० जानेवारी २०२५ ला नोटर डेमला ३४-२३ ने हरवून देशात पहिली आली. म्हणजे ओहायो भारी आहे हा प्रिव्ह्यू बरोबर, आणि मिशिगनला सहज चिरडेल हा प्रिव्ह्यू साफ चूक, दोन्ही एकाच सीझनमध्ये. म्हणून माझं मत असं की अख्ख्या सीझनचा अंदाज आपल्या माणसाकडून घेतला तरी चालते, पण एका मॅचचा अंदाज समोरच्या माणसाशिवाय लिहूच नये. भित्तिपत्रकात दोघांचं शेजारी शेजारी छापा, आणि मॅच झाल्यावर ते काढून टाकू नका, तसंच राहू द्या, लोक येऊन वाचतात आणि हसतात, त्याच्यातच मजा आहे.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, मुलींची बास्केटबॉल टीम आहे. फुटबॉलचा प्रिव्ह्यू आणि बास्केटबॉलचा प्रिव्ह्यू यात फरक काय असतो? आमच्या मुलींना उदाहरण देऊन सांगता येईल असं काही सांगा.
— एक शिक्षिका, चिखली

ताई, मोठा फरक आहे. फुटबॉलच्या रेग्युलर सीझनला १२ मॅच, ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, एक मॅच हरली की वर्षभर डोकं धरून बसायचं. बास्केटबॉल नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं, तीसेक मॅच होतात, आणि खरा हिशोब मार्चमध्ये, देशभरच्या निवडक टीमांच्या बाद फेरीच्या स्पर्धेत. त्यामुळं नोव्हेंबरात कोणी कोणाला हरवलं याला फार किंमत नसते, टीम हळूहळू जमत जाते.

दुसरा फरक माणसांचा. कोर्टवर पाचच जण, म्हणून एक गेला तरी टीमचा आकार बदलतो. याचं सगळ्यात भारी उदाहरण नॉर्थ कॅरोलायनाचं आहे. २०२२ मध्ये त्यांनी त्यांचा शेजारी ड्यूक याला, दोन्ही कॉलेजं पंधरा-सोळा किलोमीटरवर आहेत, आधी ड्यूकच्या घरी जाऊन हरवलं ९४-८१ ने, ती ड्यूकच्या कोच शशेव्हस्की यांची घरच्या कोर्टवरची शेवटची मॅच होती, आणि मग महिन्याभरात राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलला पुन्हा ८१-७७ ने हरवलं, आणि ती त्यांच्या कोचिंगमधली शेवटचीच मॅच ठरली. फायनलला मात्र नॉर्थ कॅरोलायनावाले कॅन्ससकडून हरले. पुढच्या वर्षी पाचातले चार जण परत आले. सगळ्या देशाने प्रिव्ह्यूमध्ये एक नंबरला बसवलं, कारण चार जुने म्हणजे झालंच की. आणि झालं काय, तर ती टीम मार्चच्या स्पर्धेच्या ६८ टीमांत पण बसली नाही. १९८५ ला स्पर्धा ६४ टीमांची झाली तेव्हापासून सीझनआधी एक नंबरवर असलेली टीम अशी बाहेर राहायची ती पहिलीच वेळ.

चार राहिले ते सगळ्यांनी मोजलं, गेला तो कोणी मोजला नाही. ब्रॅडी मॅनेक नावाचा उंच पोट्टा गेला होता, जो लांबून तीन-तीन पॉइंटचे शॉट मारायचा, त्यामुळं समोरचा उंच डिफेंडर बास्केटखालून बाहेर यायचा आणि बाकीच्यांना आत जागा मिळायची. तो गेला आणि आतली जागा बंद झाली. ड्यूकच्या एखाद्या जाणकाराला ऑक्टोबरात विचारलं असतं ना ताई, की यांचा कोण गेल्याचा तुम्हाला आनंद झाला, तर त्याने एका दमात हेच नाव घेतलं असतं. आपल्या माणसाला कोण उरलं ते दिसतं.

मुलींना हे कोर्टवर करून दाखवा. पाच जणींत जी बाहेरून शॉट मारते तिला बसवा आणि दहा मिनिटं खेळवा, आत गर्दी कशी होते ते त्यांना स्वतःलाच कळेल. मग शेजारच्या शाळेच्या सरांना विचारा की आमच्यातल्या कोणीला तुम्ही मोकळं सोडता. ते मोकळं सोडतात ती जिला शॉट येत नाही ती, आणि महिनाभर तिच्यावरच मेहनत घ्या. आणखी विचारायच्या गोष्टी म्हणजे फाउल किती होतात, पाच फाउल झाले की पोरगी बाहेर, आणि फ्री थ्रो किती टक्के जातात. हे दोन आकडे आपल्याकडं कोणी लिहूनच ठेवत नाही, स्कोअरशीट मॅच संपली की कचऱ्यात.

एक गोष्ट पोरींना नक्की सांगा, २०२४ ची अमेरिकन कॉलेज महिला बास्केटबॉल फायनल, साउथ कॅरोलायना ८७ आयोवा ७५, ही मॅच टीव्हीवर पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी पाहिली, असं पहिल्यांदाच झालं. आयोवाकडून केटलिन क्लार्क खेळत होती आणि जिंकणारी साउथ कॅरोलायना अख्ख्या सीझनमध्ये एक पण मॅच हरली नव्हती.

भाऊ, तिकडं कॉलेजच्या पोरायले पैसे भेटतात म्हणे? मंग ते पोट्टे एका कॉलेजातून दुसऱ्यात पळत असतीन. असं असल्यावर प्रिव्ह्यू करून फायदा काय?
— एक वाचक, हिंगणघाट

भेटतात, आणि पळतात पण. आधी मनाई होती, शिष्यवृत्ती घ्या आणि गप खेळा असं होतं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने एक तडजोड मंजूर केली तेव्हापासून कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकते, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची मर्यादा होती. कॉलेज बदलायला पण आता आधीसारखं वर्षभर बसून राहावं लागत नाही. आपल्या पोरांसाठी एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला कमाईची बंधनं असतात, त्यामुळं कोणी एजंट गावात येऊन तुमच्या पोरीला तिकडं बास्केटबॉल खेळून लाखो भेटतीन असं म्हणत असेल तर त्याला ओसरीवरूनच वाटे लावा.

यामुळं जुने प्रिव्ह्यू निकामी झाले हे खरं आहे. इंडियाना नावाचं विद्यापीठ बास्केटबॉलसाठी नावाजलेलं, फुटबॉलमध्ये मात्र पिढ्यान्‌पिढ्या हरणारं. २०२३ ला ३ जिंकल्या ९ हरल्या. मग कर्ट सिग्नेटी नावाचे कोच आले, येताना आपल्या जुन्या कॉलेजातले बरेच खेळाडू सोबत घेऊन आले, २०२४ ला ११ जिंकल्या, आणि २०२५ च्या सीझनला एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेते झाले, फायनलला मायामीला २७-२१ ने हरवून. आता सांगा, आजोबांच्या काळापासूनचा रेकॉर्ड घेऊन प्रिव्ह्यू लिहिणाऱ्याचं काय झालं असेल.

पण फायदा काय म्हणाल तर आता समोरच्या माणसाची किंमत उलट वाढली. आलेला नवा खेळाडू आपल्याकडं कसा खेळेल हे आपल्याला माहीत नसतं, तो ज्या कॉलेजातून आला तिथल्या लोकांना मात्र त्याच्या सगळ्या खोड्या माहीत असतात. तो गेला म्हणून ते चिडलेले असतात, तेवढं वजा करून घ्या.

मी रेडर आहे, डावीकडून चढाई करतो. आमच्या कॉलेजची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी दिवाळीच्या आसपास होईल. आमचा दरवर्षीचा समोरचा म्हणजे तालुक्याच्याच गावातलं दुसरं कॉलेज. त्यांच्या सरायले जाऊन विचारलं तर आमचे सर रागावतीन का? आणि ते सांगतीन का?
— बी.ए. द्वितीय वर्ष, दिग्रस

सर रागावले तर हा अंक दाखवा. आधी आपल्या सरांच्या कानावर घाला आणि त्यांनाच सोबत न्या, मागून गेलात तर तो चुगलखोरपणा दिसतो. आणि सांगतील, कबड्डीवाला माणूस गप बसूच शकत नाही, मी तरी असा पाहिला नाही.

आपल्याकडची एक गोष्ट अमेरिकेपेक्षा वेगळी आहे आणि माझ्या मते चांगली आहे. तिकडं सीझन चालू असेपर्यंत मिशिगनचा पोरगा मिशिगनचाच राहतो. आपल्याकडं कॉलेजाकॉलेजांत मॅच झाल्या की त्यातूनच विद्यापीठाची टीम निवडतात, बारा जणांची, आणि ज्या कोपऱ्याने तुझा घोटा धरून तुला लोळवला तोच पंधरा दिवसांनी कॅम्पमध्ये तुझ्या शेजारच्या खाटेवर असतो आणि पश्चिम विभागाच्या स्पर्धेत तुम्ही दोघं मिळून गुजरात-राजस्थानच्या टीमांशी खेळता. म्हणून समोरच्या कॉलेजातल्याशी तोंड खराब करून ठेवू नका, हा झाला व्यवहार. आणि त्याच्याकडून शिकायला मिळतं ते फुकट, हा झाला फायदा.

आता काय विचारायचं. तू डावीकडून जातो म्हणतोस, म्हणजे त्यांचा उजवा कोपरा आणि उजवा कव्हर हे तुझे गिऱ्हाईक. त्यांच्या सरांना असं विचार की सर, मागच्या वर्षी मी तुमच्याकडं आलो तेव्हा तुम्ही पोरांना काय सांगून ठेवलं होतं. मागच्या वर्षीचं सांगायला कोणाला जड जात नाही. ते म्हणतील की हा बोनस घ्यायला पाय टाकतो तेव्हा मागचा पाय हवेत राहतो, किंवा हा वीस सेकंद नुसता उभाच राहतो आणि शेवटच्या दहा सेकंदात घाई करतो. असं ऐकायला मिळालं ना तर अर्धा प्रिव्ह्यू झाला, कारण या वर्षी पण ते तेच करणार, जोवर तू बदलत नाहीस तोवर.

दुसरं विचार की तुमचे तीनच जण उरले की तुम्ही काय करता. समोर तिघं किंवा कमी असताना पकड झाली की सुपर टॅकलचा एक पॉइंट जास्त, म्हणून काही टीमा मुद्दाम त्या वेळेसाठी साखळी करून ठेवतात, आणि आपले हौशी रेडर लोण द्यायच्या नादात बरोबर त्यातच जाऊन पडतात. मी कितीतरी मॅच अशा पाहिल्या की पाच-सहा पॉइंटची आघाडी असलेली टीम दोन सुपर टॅकलमध्ये गार झाली. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी, डू ऑर डाय, कोणाला पाठवता ते पण विचार. तिथं बहुतेक कॉलेजं एकाच पोट्ट्याला पाठवतात, आणि तो पोट्टा दमला की सगळं संपलं.

तिसरं मैदान. तुम्ही मातीवर सराव करता की मॅटवर, आणि ते कशावर करतात. मॅच मॅटवर असली आणि सराव मातीवर असला तर पाय सरकायच्या जागी अडकतो, वळताना गुडघा जातो, आणि मातीत खेळणारा रेडर बूट घातला की पहिला अर्धा डाव नुसता बुटाकडंच पाहत राहतो. प्रिव्ह्यू लिहिताना हे कोणी लिहीत नाही, सगळे कोण किती दांडगा ते लिहितात. जवळपास मॅट असलेली व्यायामशाळा असेल तर स्पर्धेआधी आठवडाभर तरी तिथं जाऊन या. आपल्या भागात ही परंपरा काही आजची नाही, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन तिथं कबड्डी आणि आपले देशी खेळ करून दाखवले होते.

आणि बदल्यात तू पण सांग. त्यांच्या पोरांनी तुला येऊन विचारलं तर लपवू नको, तुला त्यांचा कोण जड जातो ते सांग. एकतर्फी विचारपूस एकदाच होते, पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

प्रिव्ह्यू एवढा अभ्यास करून लिहिला तर त्यावर दोन पैसे लावायले काय हरकत हाय? गावातले पोट्टे मोबाइलवर लावून राहिले.
— पांढरकवडा

हरकत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. आणि अभ्यासाचं म्हणाल तर वर ती १३-१० वाली मॅच वाचा, जिथं ज्यांचं पोट या आकड्यांवर चालतं त्यांचा २० पॉइंटांचा अंदाज तोंडावर पडला, तिथं तुमचा-माझा काय टिकणार. पोट्ट्यांना हटका.

तुम्ही लिहिता लय, पण पाहाची कोनती मॅच ते सांगत नाही. रात्री जागरण परवडत नाही, सकाळी दूध काढा लागते. टाइम सांगा.
— एक शेतकरी, मंगरुळपीर

सांगतो दादा. तिकडं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागं घेतात, म्हणून आपला हिशोब पण बदलतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिकडच्या पूर्वेकडची शनिवार दुपारची १२ ची मॅच आपल्याकडं रात्री साडेनऊला, नोव्हेंबरात तीच साडेदहाला. ओहायो-मिशिगन बहुतेक दुपारी १२ लाच ठेवतात, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा मोठा सण असतो त्याच्या नंतरचा शनिवार, म्हणजे आपली रात्र साडेदहा. सम वर्षी कोलंबसला, विषम वर्षी मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरला. ही पाहायची असेल तर जागावंच लागेल. त्याच दोन-तीन दिवसांत अलाबामा-ऑबर्न पण असते, २०१३ ला ऑबर्नने शेवटच्या सेकंदाला समोरच्याचा हुकलेला चेंडू आपल्या टोकाला पकडून अख्खं मैदान पळत नेला आणि ३४-२८ ने जिंकली, ती एकदा शोधून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे, दिवसा पण जमते.

तुमच्यासाठी खरी सोय बास्केटबॉलची आहे. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना फेब्रुवारीत आणि मार्चच्या सुरुवातीला, दोनदा भिडतात, तिकडच्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला असली तर आपल्याकडं रविवारी पहाटे ५. बादली घेऊन गोठ्यात जायच्या आधी पहिला हाफ होतो, वीस मिनिटांचाच असतो पण घड्याळ थांबत थांबत पाऊण तास लागतो, आणि दूध काढून येईपर्यंत दुसऱ्या हाफची शेवटची दहा मिनिटं सापडतात. तेवढीच पाहा, या दोघांची मॅच बहुतेक वेळा तिथंच ठरते.